एकच हाक

फेब्रुवारी २०१९च्या सुरुवातीला आमच्या घरचं इंटरनेट फार मंद झालं. मी डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकांचे गुण ऑनलाइन भरायचे होते आणि पान उघडत नव्हतं. शेजारचं कोणीतरी आपलं वायफाय वापरत असावं असं वाटून रविवारी संध्याकाळी मी राउटरचं पान उघडलं. कोणतं उपकरण कधी जोडलं गेलं याची यादी तिथे दिसते.

यादीत चार ओळी होत्या. ही यादी माझ्या नवऱ्याने, सगुणने, केली होती. यादीबाहेरचं कुठलंही उपकरण आमच्या घरात शिरू शकत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. प्रत्येकाला त्याने कायमचा पत्ता दिला होता. त्याच्या फोनला चार, टीव्हीच्या पेटीला पाच, माझ्या फोनला सात, कारण माझा वाढदिवस सात तारखेचा. माझा तो फोन नोव्हेंबरात पाण्यात पडून बिघडला. नवा घेतला त्याला मी नऊ नंबर दिला. सात रिकामा राहिला.

चार नंबरच्या ओळीसमोर लिहिलं होतं : आज, १२:४०, जोडणी अकरा मिनिटं.

सगुण १२ नोव्हेंबरपासून बेपत्ता होता. फोन त्याच्या खिशात होता.

आमचं घर मुळगावात आहे. मागे पोफळी, त्यापलीकडे शेत, आणि शेताच्या टोकाला खाणीचा खड्डा. गेल्या वर्षी मार्चमध्ये खाणी थांबल्या, पण खड्ड्यातलं पाणी उपसावंच लागतं, नाहीतर ते वर चढतं आणि कडेची माती ढासळते. म्हणून पंपांवरची माणसं कामावर राहिली. सगुण त्यांतला एक. त्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी तो खालच्या टप्प्यावर उतरला आणि वर आला नाही. स्कूटर फाटकाशी होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पाणबुडे तीन दिवस पाण्यात उतरत होते. तिसऱ्या दिवशी काठावर उभी असताना माझा फोन हातातून सुटला. त्यांना काहीच मिळालं नाही, माझा फोन मात्र मिळाला.

मृतदेह नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. मी कुंकू लावायचं की नाही, हे विचारायला गावातली माणसं सासूबाईंकडे येत. त्या सांगत, "तो खंय तरी गेलो हा. येतलो." आणि रोज दुपारी त्याचं ताट वाढून ठेवत.

मीही तेच धरून बसले होते. तो कोणावर तरी रागावून निघून गेला असेल, डोक्याला मार लागून भरकटला असेल, परराज्यात कुठल्यातरी पंपावर काम करत असेल. शक्यता मी कागदावर लिहून काढल्या होत्या. आता एक नवी शक्यता समोर आली. भर दुपारी तो घराजवळ येतो आणि परत जातो.

घरात एक जुना संगणक पडून होता. मी त्यावर लिनक्स चढवून ठेवलं होतं, पण वापर नव्हता. तो काढला, धूळ पुसली, राउटरशेजारी खिडकीखालच्या मेजावर ठेवला आणि यादीत त्याची पाचवी ओळ घातली. घराच्या जाळ्यात जे काही येईल-जाईल ते सगळं वेळेसकट नोंदवायचं आणि चार नंबरच्या लहरीचा जोर किती आहे तेही टिपायचं, एवढं काम त्याला दिलं. प्रयोगवहीत नवं पान काढलं. तारीख, वेळ, जोर, शेरा.

सोमवार, ४ फेब्रुवारी. १२:४०:००. जोर उणे एक्क्याण्णव डेसिबल. शाळेतून आल्यावर मी ते वाचलं. उणे एक्क्याण्णव म्हणजे फोन जेमतेम जोडला जाईल इतकी क्षीण लहर. मध्ये भिंत, झाडं काही नसलं तर हे अंतर सुमारे एक किलोमीटर येतं. आमच्या मागच्या दारापासून खड्डा नऊशे मीटरवर आहे.

आत येऊन चार नंबर काय करत होता तेही नोंदलेलं होतं. तो इंटरनेटवर गेला नव्हता. संदेश नाही, काही नाही. त्याने एकच प्रश्न विचारला होता.

हा प्रश्न सगळीच उपकरणं विचारतात. एका यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असलं की ते आधी सगळ्या घराला विचारतं, अमुक पत्ता कोणाचा आहे? ज्याचा असेल तो उत्तर देतो, 'माझा', आणि मग बोलणं सुरू होतं. चार नंबरने विचारलं होतं : सात कोण आहे? चारला सांगा.

सात नंबर कोणाचाच नव्हता. कोणी उत्तर दिलं नाही. अकरा मिनिटांनी तो निघून गेला.

मंगळवारी उणे एकोणनव्वद. बुधवारी उणे सत्त्याऐंशी. हा उणे आकडा लहान होतो तशी लहर बळावते. प्रश्न तोच, वेळ तीच, सेकंदाचाही फरक नाही.

मी पोलिसांना जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. एक हवालदार दुपारी येऊन अंगणात उभा राहिला, बारा चाळीस झाले तेव्हा त्याने सगुणचा नंबर लावला. फोन बंद. "मॅडम, टॉवरवर हा फोन नोव्हेंबरपासून आलेलाच नाही," तो म्हणाला. त्याच क्षणी आत मेजावरच्या पडद्यावर ओळ उमटली होती. मी त्याला ती दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, आणि चहा न घेता गेला.

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तार बसवून मी दिशा दाखवणारा अँटेना केला. रविवारी मागच्या पडवीत उभी राहून तो हळूहळू फिरवला. रस्त्याकडे काही नाही. देवळाकडे काही नाही. पोफळींकडे, थेट खड्ड्याच्या रोखाने, जोर सगळ्यात जास्त. डबा थोडा खाली झुकवला की आणखी वाढत होता.

पाण्यातून ही लहर हातभरसुद्धा जात नाही. मी दरवर्षी मुलांना हे शिकवते.

सासूबाई पडवीत कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून नारळ सोलत होत्या. त्यांचं नाव देवकी, माहेर धारगळचं. त्यांनी आयुष्यात फोन हाताळला नाही, पण माझं काय चाललंय ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"सगुणाक सोधतंस मगो?"

"हो, आई."

"आणि तो?"

"तोही शोधतोय. सात नंबर विचारतो. माझा जुना फोन."

त्यांनी कोयती खाली ठेवली. "हाक मारता म्हण ना. किती हाको मारता?"

"म्हणजे?"

"एक मारता, दोन मारता, काय तीन?"

मी बेळगावची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी मला हे शिकवलं होतं. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते एकदाच मारतं. मी त्या वेळी हसले होते, आणि सगुणही हसला होता. पण घरात तोही तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायचा.

"एकच," मी म्हणाले.

"मगे ओ दिव नको." त्यांनी कोयती उचलली. "माझो झील असलो तरी दिव नको. आयकलंस?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मला त्यांची समजूत अडवत नव्हती, माझं स्वतःचं शास्त्र अडवत होतं. उत्तर मिळालं नाही तर यंत्र तोच प्रश्न पुन्हा विचारतं, साधारण एकेका सेकंदाच्या अंतराने, तीन वेळा. मी सगळ्या नोंदी तपासल्या. टीव्हीची पेटी तीनदा विचारत होती. माझा नवा फोन तीनदा विचारत होता. चार नंबर एकदाच विचारून थांबत होता.

दुसऱ्या दिवशी मी शिवदासच्या खोलीवर गेले. शिवदास दोडामार्गकडचा, सगुणबरोबर पंपावर असायचा. त्या दिवशी सगुणला शेवटचं त्यानेच पाहिलं होतं.

"वयनी, पोलिसांक सगळा सांगलंय," तो म्हणाला.

"सगळं नाही सांगितलंत."

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. "तुमी मास्तरीण. हसशात."

"नाही हसणार."

"त्या दिवशी लाइट गेली. दोनय पंप बंद पडले. सा वर्सात पयल्यांदा थंय शांत झाला. माझ्या कानांका तर दडेच बसले. आमी डबो सोडूक बसलो आणि सगुण उठान उभो रवलो. म्हणालो, सरू हाक मारता. मी म्हटलंय, मेल्या, बायल शाळेत असतली, हंय खंयची येता? मस्करी केलंय तेची. पण तेणां तवसर ओ दिल्यान आणि रॅम्पान खाली गेलो."

सरू म्हणजे मी. माझं नाव सरस्वती.

"तुम्ही ऐकली हाक?"

"नाय."

"त्याने किती ऐकल्या?"

शिवदासने पहिल्यांदा वर पाहिलं. "पंपावर कोण मोजता, वयनी? हाक आयकली की ओ देवची, ह्योच आमचो नियम. कोण पाण्यात घसारलो असलो तर?"

मी विचारलं, किती वाजले होते. तो म्हणाला, लाइट बाराक गेली, डबो सोडूक पाऊण होयत इलो. मी त्या दिवशीचं वेळापत्रक घरी येऊन पाहिलं. बारा वीस ते एक, अकरावी विज्ञान. मी फळ्यासमोर उभी होते.

जोर रोज दोनाने वाढत गेला. दर तीन दिवसांनी सहा डेसिबल, म्हणजे दर तीन दिवसांनी अंतर निम्मं. मी आलेख काढला. रेषा इतकी सरळ होती की प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने आणली असती तर मी त्याला नक्कल केल्याबद्दल बोलले असते. रेषा पुढे वाढवली. उणे एकतीस म्हणजे एक मीटर. ६ मार्च, बुधवार.

शेवटच्या आठवड्यात मी रजा टाकली. शनिवारी उणे एकोणचाळीस होतं, हिशेबाने अडीच मीटर. बारा चाळीसला मी मेजाभोवतीच्या दोन्ही खोल्या, पडवी, न्हाणीघर, माळा सगळं पाहिलं. ऊन स्वच्छ होतं. जास्वंदीखाली कोंबडी माती उकरत होती. कोणी नव्हतं. पण पडवीत त्याच्या कामाच्या कपड्यांचा वास होता. डिझेल, आणि भिजलेल्या लाल मातीचा लोखंडासारखा वास. चार महिने मी त्याचा धुवायचा राहिलेला शर्ट पिशवीत बांधून ठेवला होता. धावत जाऊन पिशवी पाहिली. गाठ तशीच होती.

अकरा मिनिटांनी वास गेला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती एकच. गुरुवारी काय होईल? रेषा एक मीटरच्या पुढे जाते म्हणजे कुठे जाते? तो येऊन, विचारून, उत्तर न मिळता पलीकडे निघून गेला तर? चार महिने मी त्याला हाका मारत होते, खड्ड्याच्या काठावरून, देवळात, पोलिसांच्या टेबलासमोर. आता तो विचारत होता आणि मी गप्प बसले होते.

बुधवारी सकाळी मी लिनक्सच्या संगणकाला सात हा पत्ता दिला. एका ओळीची आज्ञा. आता कोणी सातला विचारलं तर संगणक सांगणार होता, मी आहे.

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कळलं नाही.

"ओ देतंस?"

मी मान हलवली.

"हाको तीन जाल्यो?"

त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. त्यांनीही चार महिने ताट वाढलं होतं.

"हो," मी म्हणाले. "काल तीनदा विचारलं."

त्यांनी डोळे मिटले. मग आत गेल्या आणि सोलकढीसाठी नारळ खवण्याचा आवाज येऊ लागला. सगुणला ती आवडायची.

१२:४०:००. सात कोण आहे? चारला सांगा.

त्याच सेकंदाला माझ्या संगणकाने उत्तर दिलं. सात इथे आहे.

जोर उणे एकतीस. माझ्या शेजारचं कदेल रिकामं होतं.

पाच सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर एक ओळ आली, जी मी लिहायला सांगितली नव्हती. माझ्या संगणकाने उलट विचारलं होतं. चार, तू आहेस का?

एका सेकंदाने पुन्हा. चार, तू आहेस का?

एका सेकंदाने पुन्हा.

यंत्राची घडणच तशी असते. ज्याला उत्तर दिलं तो खरंच तिथे आहे का, याची ते खात्री करतं. तीनदा. चार नंबरने उत्तर दिलं नाही. पण तो लगेच गेलाही नाही. पूर्ण अकरा मिनिटं तो तिथे होता, उणे एकतीसवर, गप्प, एखादा माणूस ऐकत उभा राहावा तसा.

मग गेला.

सासूबाई संध्याकाळपर्यंत ताटासमोर बसून होत्या.

गुरुवारी मी साडेबारापासून पडद्यासमोर बसले. १२:४०:०० झाले. ओळ आली नाही. पाच सेकंद. दहा. मी नोंदवणारा कार्यक्रम चालू आहे ना, तपासलं. चालू होता.

मागच्या बाजूने आवाज आला.

"आई."

सगुणचा आवाज. चूक शक्य नव्हती.

"आई."

तोच सूर. तीच लांबी. श्वास नाही.

"आई."

माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या सेकंदांवर होतं. चौदा. पंधरा. सोळा.

"आई, ओ देऊ नका!" मी ओरडले.

पण त्या तीन मोजून बसल्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यांचा हसरा, मोकळा आवाज, मी चार महिन्यांत न ऐकलेला.

"ओ! इलंय रे बाबू!"

मधली खोली ओलांडायला मला चार पावलं लागली असतील. मागचं दार उघडं होतं. पडवीत ऊन पडलं होतं. त्यांच्या दोन्ही चपला पायरीवर होत्या, नीट, शेजारी शेजारी. खवणीवर अर्धी वाटी खोबरं. अंगणात कोंबडी माती उकरत होती.

पुन्हा पाणबुडे आले. पुन्हा तेच प्रश्न, तेच अर्ज. शिवदास दोन दिवस माझ्याबरोबर काठावर उभा राहिला. परतताना शेताच्या बांधावर थांबून त्याने विचारलं, "वयनी, त्या दिसा किती हाको आयकल्यात?"

"तीन."

त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. "मगे तो सगुणच. आवशीक न्हेवक इलो." आणि त्याने डोळे पुसले.

दोन हाकांमध्ये बरोबर एक सेकंद होता, हे मी त्याला सांगितलं नाही. तीनदा कसं विचारायचं, हे त्याला आदल्या दिवशी माझ्या घरातून कळलं होतं, हेही नाही.

त्यानंतर अकरा दिवस जाळ्यात काहीच आलं नाही. बाराव्या दिवशी, मंगळवारी, १२:४०:०० ला नोंद झाली. मी राउटरचं पान उघडलं. सगुणच्या परवानगीच्या यादीत आता सहा ओळी आहेत. सहावीला नाव नाही, पत्ता आहे, आठ. ती मी लिहिलेली नाही.

आधी चारने विचारलं, सात कोण आहे? तीन वेळा. मग आठने विचारलं, सात कोण आहे? तीन वेळा. एकेका सेकंदाच्या अंतराने.

जोर उणे एक्क्याण्णव. वहीत नवं पान काढून मी तारीख घातली. एक मीटरपर्यंत हिशेबाने तीस दिवस येतात.

सातचा पत्ता मी संगणकावरून काढलेला नाही. त्या सहाही प्रश्नांना उत्तर गेलेलं आहे.